‘के’चा पाय

"खालच्या कप्प्यातून ‘के’ काढून आण," मास्तर म्हणाले. "आणि दोन्ही हातांनी धर. कागद म्हातारा झालाय."

"तुमच्याएवढा?" पोरीनं विचारलं.

"माझ्याहून जास्त. मी निदान उठून चहा तरी करतो."

पुढं जे झालं त्याची सुरुवात इतकी साधी होती. मंगळवार, सकाळचे साडेदहा, दोन खोल्यांचं कामाचं घर. एका खोलीत मास्तर राहायचे, दुसरीत काम चालायचं. उत्तरेकडे मोठी खिडकी, तिच्याखाली आतून दिवा लागणारं काचेचं टेबल, आणि भिंतीला लागून एक लाकडी कपाट. त्याचे कप्पे ताटाएवढे उथळ. त्या कप्प्यांत सगळ्या देशानं वापरलेली अक्षरं निजलेली होती.

मास्तरांच्या टाइपला, म्हणजे छपाईसाठी रेखाटलेल्या रोमन अक्षरांच्या संचाला, धंद्यातले लोक नुसतं ‘तिरका’ म्हणायचे. तिरके टाइप पुष्कळ आहेत. बहुतेक म्हणजे उभ्या अक्षरांना मागून कुणीतरी ढकलल्यासारखे. हा तसा नव्हता. हा चालायचा. थोडा पुढं झुकून, कुठेतरी जायचंय पण घाई नाही अशा माणसासारखा. रेघा केसाएवढ्या. अक्षरांच्या टोकांना सेरिफ म्हणतात ती बारीक नखं असतात, ती तर इतकी नाजूक की मोठ्या आकारात छापला तर टाइप श्वास घ्यायचा आणि लहान आकारात छापला तर मरायचा. अत्तराच्या बाटल्यांवर हाच. कवितांच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर हाच. लग्नाच्या पत्रिकेवर हाच, आणि वर्तमानपत्रात चौकट आखून कुणी गेल्याचं कळवतात, तिथंही हाच.

फक्त त्यातला ‘के’ लंगडा होता.

उभी दांडी झकास. वरचं वळण झकास. पण खाली जो पाय पुढं टाकायचा, तो आखूड आणि जाड. चालता चालता खड्ड्यात पडलेला. पोरगी चित्रकलेच्या कॉलेजात होती तेव्हा तिथल्या एका सरांनी या पायावर सलग दोन तास व्याख्यान दिलं होतं. "हा मास्तरांचा विद्रोह आहे! सौंदर्यात मुद्दाम ठेवलेला खडा!" पोरगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, मुद्दाम नाही. चुकलाय तो." वर्ग हसला. सर हसले नाहीत, कारण त्या पायावर त्यांचं पुस्तक यायचं होतं. थोर माणसांचं असंच असतं, एकदा एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं की ते कौतुक पेन्शन लागल्यासारखं मरेपर्यंत चालू ठेवतात. वर्षाच्या शेवटी पोरीला नापास केलं. तिनं पुन्हा परीक्षा दिली नाही. दप्तर उचललं आणि थेट मास्तरांचं दार वाजवलं.

"काय शिकलीस?"

"दोन वर्षं. मग सोडलं."

"अर्धवट."

"हो."

"बरं. पुरं शिकलेल्यांनी मला फार छळलंय. ये उद्यापासून."

तेव्हापासून तिचं नावच अर्धवट पडलं.

तिचं काम सरळ होतं. मास्तरांची जुनी चित्रं, एकेक अक्षर वीतभर उंच, कप्प्यांतून काढायची, स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर त्यांची कड बिंदू-बिंदूनं बसवायची. टाइप नव्यानं निघणार होता. त्यासोबत एक देखणं पुस्तक छापलं जाणार होतं. सगळं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत छापखान्याला द्यायचं होतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एकच ओळ यायची होती: हा टाइप कुणी रेखाटला. छापखानेवाल्यानं तिथं मास्तरांचं नाव न विचारताच घालून ठेवलं होतं.

मास्तरांची अट एकच होती. "बाकी काय हवं ते नीट कर. ‘के’ला हात लावायचा नाही. ‘के’ बदललास तर त्याच दिवशी घरी."

पोरीला ते खटकलं होतं, पण काम हवं होतं.

आता या धंद्यातली एक जुनी रीत सांगायला हवी. मोठा माणूस अक्षराची कड काढतो. आतलं पोट पेन्सिलीच्या तिरक्या रेघांनी भरायचं, ते काम धाकट्याचं. ज्याची कड, त्याचं नाव. पोट कुणी भरलं हे कुणी विचारत नाही. पण रेघा बोलतात. उजव्या हाताच्या माणसाच्या भरणीच्या रेघा एका बाजूला कलतात, डावखुऱ्याच्या बरोबर उलट. कप्प्यांतून तोवर निघालेल्या ‘तिरका’च्या सगळ्या चित्रांतल्या रेघा डावखुऱ्या होत्या. पोरीनं पहिल्याच आठवड्यात ते विचारलं होतं.

"धाकटी भरायची," मास्तर म्हणाले होते. "बहीण माझी. डावखुरी. छातीच्या दुखण्यानं गेली. सव्वीस वर्षांची होती. चाळीस वर्षं झाली." आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसले होते ते चहा गार होईपर्यंत.

तर मंगळवारी तिनं खालचा कप्पा ओढला. वास आला. निलगिरीचं तेल. कुणाच्या तरी छातीला चोळल्यासारखा, उबदार. ‘के’चा कागद तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि उजेडात धरला. सगळ्या कागदाला पिवळी साय धरली होती, पण जिथं ‘के’चा पाय होता तिथं तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा झिरझिरीत झाला होता. पलीकडची खिडकी दिसत होती त्यातून. पायाची कड थरथरत गिरवलेली. आणि या एकाच चित्रात भरणीच्या रेघा उजव्या हाताच्या होत्या.

कप्प्याच्या तळाला खोडरबराचा चुरा पडला होता. तिनं बोटानं दाबून पाहिला. मऊ होता.

"मास्तर, या कप्प्यात कुणी काम करतंय का?"

"जुना चुरा असेल."

"जुना चुरा कडक होतो."

"तू अक्षरं बघ. चुरा बघायला तुला ठेवलेलं नाही."

मूळ कागद आता स्कॅनरचं झाकणही सोसणार नव्हता. म्हणून तिनं काचेच्या टेबलाचा दिवा लावला, मूळ चित्रावर ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि लंगडा ‘के’ लंगड्या पायासकट उतरवून घेतला. मन मारून, पण इमानदारीत. वर वजन ठेवलं आणि डबा खायला खाली गेली.

परत आली तर तिच्या ‘के’ला दुसरा पाय फुटला होता.

तिच्या रेघेवरून, तिच्या रेघेला ओलांडून एक केसाएवढी रेघ निघाली होती. लांब. निवांत. टोकाला अशी उचललेली, की पुढचं अक्षर तिथं हात देऊन उभं राहील. पोरगी बघत राहिली. दोन वर्षं कॉलेजात जे शिकवत होते, आणि कुणालाच येत नव्हतं, ते ते होतं.

ती हात धुऊन आली तेवढ्यात तो पाय खोडलेला होता. मास्तर टेबलापाशी उभे. त्यांच्या बोटांची टोकं शिशानं राखाडी झालेली.

"माझ्या कागदाला हात लावलात?"

"पुन्हा उतरव."

"आधी तुम्हीच काढलात, मग तुम्हीच खोडलात?"

मास्तरांनी कपबशी उचलली. कप बशीत खडखडायला लागला, नेहमीसारखा. तो आवाज ऐकला आणि पोरीनं त्या हाताकडे पाहिलं. या हातानं केसाएवढी रेघ? या हातानं सहीसुद्धा धड होत नव्हती.

बुधवारी तिनं नवा कागद उतरवला, कप्प्यात घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून घरी गेली. रात्रभर किल्ली उशाखाली. गुरुवारी सकाळी कुलूप काढलं. पाय होता. तोच, तसाच लांब. आत भरणी सुरू झाली होती. आठ-दहा रेघा, सगळ्या डावखुऱ्या.

"दे इकडं," मास्तर मागून म्हणाले.

त्यांनी कागद घेतला, खिडकीपाशी बसले आणि खोडायला लागले. शांतपणे. दाढी करावी तसं. पोरगी घाबरली ती त्या रेघेला नाही. मास्तरांच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता, त्याला घाबरली.

शुक्रवारी सकाळी छापखानेवाल्याचा फोन आला. "बाई, ‘के’ कुठाय? सगळं थांबलंय तुमच्या एका ‘के’वर!"

"संध्याकाळपर्यंत देते."

"आणि शेवटचं पान तेच ना? मास्तरांचं नाव?"

"तेही संध्याकाळी सांगते," पोरगी म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

दुपार झाली. हिवाळ्यातली, राखेच्या रंगाची. टेबलाचा दिवा नीट दिसावा म्हणून तिनं पडदे ओढले. आता खोलीत उजेड होता तो फक्त काचेतून, खालून वर येणारा. कपाटाच्या मुठींच्या सावल्या उलट्या, छताकडे गेलेल्या. शेजारच्या खोलीत मास्तर आरामखुर्चीत घोरत होते. तिनं उतरवलेला ‘के’ काचेवर ठेवला. थंडीनं ट्रेसिंगचा कागद चारी कडांनी किंचित वर उचलला होता. तिनं वजन ठेवलं नाही. हात मांडीवर घेतले आणि बसून राहिली.

आधी वास आला. निलगिरी.

मग कागदाची डावी बाजू हळूच खाली बसली. वारा नव्हता. कागद काचेला चिकटत गेला, एक पट्टा, करंगळीच्या टोकापासून मनगटापर्यंत असावा एवढा. ट्रेसिंगचा कागद काचेला टेकला की जास्त पारदर्शक होतो. त्या पट्ट्यातून खालचा दिवा लख्ख दिसायला लागला. कुणीतरी तळहाताची कड टेकवली होती. डाव्या हाताची.

आणि आवाज... कर्र... कर्र... अगदी हलका. पेन्सिल नव्हती. रेघ होती. दांडीपासून निघाली आणि खाली उतरायला लागली, मुंगी चालावी तशी.

पोरीला ओरडायचं होतं. रेघ मध्येच थांबली, आणि कुणीतरी खोकलं. दाबून. शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपमोड होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून खोकतात, तसं. मग एक फुंकर. कागदावरचे दोन-चार कण घरंगळत काचेच्या कडेला गेले, आणि पोरीच्या मनगटावरची लव हलली.

फुंकर गार नव्हती. तापात असते तशी गरम होती.

शेजारचं घोरणं बंद झालं होतं.

"ऊठ तिथून," दारातून मास्तर म्हणाले. त्यांच्या हातात खोडरबर होता.

"मास्तर... ती आहे इथं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तिला पोचवून घरी आलो... त्या संध्याकाळपासून."

"आणि तुम्ही चाळीस वर्षं खोडताय?"

"रोज नाही," मास्तर म्हणाले, जणू त्यानं काही फरक पडणार होता. "थंडीत जास्त. थंडीत तिला झोप लागायची नाही."

पोरगी उठली नाही. काचेवर रेघ थांबली होती, पण तळहाताचा पट्टा तिथंच होता. ऐकत असल्यासारखा.

"कडसुद्धा तिचीच ना? सगळ्या अक्षरांची?"

मास्तर दाराच्या चौकटीला टेकले.

"मग तुम्ही काय करायचात?"

"पेन्सिली तासायचो... उशी नीट करायचो. दिवा धरायचो." त्यांनी घसा खाकरला. "‘के’ तेवढा राहिला होता. डॉक्टर म्हणाले, तिला बसू देऊ नका. मी कागद काढून घेतला तिच्या हातातून. म्हटलं, तू झोप, मी करतो पुरा. म्हणाली, दादा, पाय नीट टाक हां... त्यानंतर काही बोलली नाही."

"आणि नाव?"

"ती जाऊन दोन दिवस झाले होते. टाइप विकत घेणाऱ्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, टाइप कुणाचा? मी म्हटलं, माझा." मास्तर खोडरबराकडे बघत होते. "एकदाच म्हटलं, अर्धवट. नंतर मला कुणी विचारलंच नाही. सगळे मलाच सांगत राहिले."

पोरीचं डोकं फिरलं. भीतीच्या वर तिच्यात राग चढला, आणि एका अर्थी तोच तिच्या कामी आला. "मग निदान तिला तिचा पाय तरी नीट करू द्यायचात! नाव घेतलंत ते घेतलंत, वर रोज तिचं काम खोडायचं? असं कोण वागतं?"

"त्या सगळ्या अक्षरांत माझं तेवढंच आहे गं."

ते मोठ्यानं म्हणाले नाहीत. पण टेबलाची काच थरथरल्यासारखी वाटली.

"तेवढा एक पाय. तो वाईट आहे ते मला दिसत नाही होय? मला पहिल्या दिवशीच दिसलं. तुझे ते सर आणि त्यांची व्याख्यानं... मला लाज वाटायची. पण तोही गेला, तर मी त्यात कुठंच नाही."

पोरीच्या ओठांवर आलं होतं, नाहीच आहात तुम्ही. आणि ते खरं होतं. पण तिनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं. चाळीस वर्षांचं शिसं नखांच्या कडेला मुरलेलं. हा माणूस धाकट्या बहिणीला झोपवून आला होता आणि ती झोपलीच नव्हती. तो रोज तिच्या हातातला कागद काढून घेत होता. अजून त्याच संध्याकाळी उभा होता.

तिनं मूळ कागद दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलाच्या उजेडावर धरला. पायाच्या जागी आता पापुद्राही उरला नव्हता. डाळीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं, त्यातून उजेडाचा एक ठिपका मास्तरांच्या सदऱ्यावर पडला.

"बघा. आता खोडायला कागदच राहिला नाही."

मास्तर त्या ठिपक्याकडे बघत राहिले. बोटानं तो पुसायचा प्रयत्न केला त्यांनी, एकदा. मग पुढं आले. पोरगी त्यांच्या वाटेत आडवी झाली नाही. खोडरबराचा हात टेबलावर आला, थरथरत कागदापर्यंत गेला, आणि तिथं उघडला. रबर काचेवर टप्पा खाऊन खाली कुठेतरी गेला.

त्यांनी भिंतीजवळचा उभा दिवा ओढला, लावला आणि दोन्ही हातांनी कागदावर धरला.

"कर तू," रिकाम्या जागेकडे बघत ते म्हणाले. "मी दिवा धरतो."

कर्र... कर्र...

दिवा हलत होता, म्हणून सगळ्या खोलीच्या सावल्या हलत होत्या. पण रेघ हलली नाही. पाय खाली उतरला, लांब झाला आणि टोकाला उचलला गेला. मग भरणी आली, एकाशेजारी एक, डावखुरी. किती वेळ लागला पोरीला कळलं नाही. शेवटी एक फुंकर आली, तळहाताचा पट्टा काचेवरून सुटला, आणि कागदाची कड पुन्हा हलकेच वर आली.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. त्यांच्या गालांवर पाणी होतं, ते त्यांना समजलं नसावं. "इतकं सोपं होतं. मला कधी जमलं नाही."

फोन त्यांनीच लावला. छापखानेवाला भडकला असावा. पलीकडचा आवाज पोरीलाही ऐकू येत होता. मास्तरांनी बहिणीचं नाव सावकाश सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. "नाही हो, दोन नावं नाहीत. एकच... माझं कशाला? माझा ‘के’ काढलाय त्यातून."

त्या संध्याकाळी पोरीनं नवा ‘के’ पाठवला आणि घरी जाऊन बारा तास झोपली.

सोमवारी ती आली तेव्हा खिडकी उघडी होती. मास्तर आपल्या खोलीत चहा करत होते आणि शीळ घालत होते. बेसूर. कप खडखडत होता, पण आज त्या आवाजाचं काही वाटत नव्हतं. निलगिरीचा वास नव्हता. तिनं मुद्दाम खालचा कप्पा उघडून पाहिला. चुरा झाडलेला. रिकामा. संपलं, तिच्या मनात आलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

"मास्तर, टेबलाचा दिवा का चालू ठेवलात?"

"मी कशाला ठेवू? मी आज तिकडं आलोच नाही."

ती टेबलापाशी गेली. काचेवर कोरा ट्रेसिंगचा कागद होता. कोरा नव्हता. त्यावर दोन अक्षरं होती, वीतभर उंच. ‘एन’ आणि ‘ओ’. नवा टाइप काढायला बसणारा माणूस आधी हीच दोन काढतो. यातूनच बाकीची सगळी निघतात. ‘तिरका’तली नव्हती ही. त्याहून सरळ, त्याहून धीट. असा टाइप पोरीनं कुठेच पाहिला नव्हता.

दोन्हीची कड पुरी होती, केसाएवढी, अचूक. पोटं मात्र रिकामी होती. एकही रेघ भरलेली नव्हती.

शेजारी एक पेन्सिल होती, नुकती तासलेली, टोक लांब. धाकटी डावखुरी होती. पेन्सिल कागदाच्या उजव्या बाजूला ठेवलेली होती, पोरीच्या हाताला येईल अशी.